जमीन विकून रेल्वे बांधली म्हणजे नेमकं काय केलं?

प्रश्न असा आहे: एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या राज्यांनी सरकारी जमीन विकून सुरुवातीच्या रेल्वे उभ्या केल्या, असं वाचण्यात येतं. मग तिथे करदात्याच्या खिशाला हात न लावता रेल्वे झाली का? आणि झाली असेल, तर मुंबईहून निघणारी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे बांधताना इंग्रजांनी आपल्याकडे तोच मार्ग का धरला नाही?

बहुतेक ठिकाणी आधी रेल्वे झाली आणि मग जमीन विकली गेली. मधल्या काळाचा पैसा कुणीतरी उसना दिला होता. तो कुणी दिला, कशाच्या तारणावर दिला आणि बुडाला तेव्हा कुणाचा बुडाला, यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. कर्ज देणाऱ्याच्या बाजूने पायाभूत प्रकल्प तपासण्यात माझी नोकरी गेली. 'प्रकल्पाचा खर्च जमीन विकून निघेल' असं लिहिलेली फाईल समोर आली की मी जमिनीचा भाव नंतर बघतो, पैसा कोणत्या वर्षी येणार हा रकाना आधी बघतो. रेल्वे येण्याआधी माळरानाला गिऱ्हाईक नसतं आणि रेल्वे बांधायला पैसा मात्र आधी लागतो. अमेरिकेतली राज्यं १८३०च्या दशकात याच खड्ड्यात पडली आणि १८५०नंतर त्यातून बाहेर आली.

आधी ही जमीन कुठून आली ते बघू. १७८५च्या कायद्याने पश्चिमेकडची जमीन चौकोनांत मोजायला घेतली. सहा मैल बाय सहा मैलांची एक टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा. १८२०पासून किमान भाव एकरी सव्वा डॉलर, तोही रोख. ही 'सरकारी' जमीन म्हणजे मूळ रहिवासी जमातींकडून करार, दडपण आणि लढाया यांतून काढून घेतलेली जमीन. इलिनॉय राज्यापुरतं बोलायचं तर १८३२चं ब्लॅक हॉक युद्ध आणि १८३३चा शिकागोचा करार झाल्यावर उत्तरेकडचा पट्टा मोकळा झाला. 'रेल्वे फुकटात झाली' म्हणणाऱ्यांच्या हिशेबात ही किंमत कधीच धरलेली नसते.

१८३६मध्ये जमिनीच्या बाजाराला अक्षरशः उधाण आलं. त्या एका वर्षात केंद्र सरकारला जमीनविक्रीतून सुमारे २.५ कोटी डॉलर मिळाले. सरकारच्या एकूण उत्पन्नाच्या हे जवळपास निम्मे. राष्ट्रीय कर्ज आधीच फिटलं होतं, त्यामुळे शिल्लक रकमेचं काय करायचं हा प्रश्न पडला आणि ती राज्यांमध्ये वाटायचं ठरलं. कागदोपत्री ती ठेव होती, पण परत मागायचा इरादा कुणाचाच नव्हता. चार हप्त्यांपैकी तीन मिळाले, मिळून सुमारे २.८ कोटी डॉलर. चौथ्याच्या वेळी मंदी आली होती, तो रद्द झाला. राज्यांनी हा पैसा शाळांत घातला, बँकांत घातला, कालवे-रस्त्यांतही घातला. पण खरा परिणाम वेगळाच झाला. जमिनीचं उत्पन्न असंच येत राहणार, असं गृहीत धरून राज्यांनी कर्जं काढली.

इलिनॉयचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. १८४०च्या जनगणनेतही ज्या राज्याची वस्ती पावणेपाच लाखांच्या आसपास होती, त्याने फेब्रुवारी १८३७मध्ये १ कोटी डॉलरहून मोठा बांधकाम कार्यक्रम मंजूर केला. ज्या काउंट्यांना, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांना, रेल्वे मिळणार नव्हती त्यांची तोंडं बंद करायला २ लाख डॉलर वेगळे काढले. त्याहून मजेशीर कलम असं, की सगळ्या मार्गांवर एकाच वेळी, दोन्ही टोकांकडून काम सुरू करायचं. कुठल्याच आमदाराला आपला तुकडा मागे राहिलेला चालणार नव्हता. तरुण अब्राहम लिंकन त्या विधानसभेत होते आणि कार्यक्रमाच्या बाजूने होते. अशा पद्धतीने काम केलं की पैसा सगळीकडे पेरला जातो आणि भाडं मिळवून देईल असा एकही सलग मार्ग तयार होत नाही. आमच्याकडे एखाद्या सिंचन महामंडळाची डझनभर अर्धवट धरणं बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

मे १८३७मध्ये बँका कोसळल्या. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशी राज्याची गत झाली. जी काही रेल्वे प्रत्यक्षात झाली ती नॉर्दर्न क्रॉस नावाची, इलिनॉय नदीकाठच्या मेरेडोशियापासून स्प्रिंगफिल्डपर्यंत. तिची इंजिनं नादुरुस्त झाल्यावर डबे खेचरांनी ओढले. लाखो डॉलर ओतलेला हा मार्ग राज्याने १८४७मध्ये लिलावात जेमतेम २१ हजार डॉलरांना फुंकून टाकला. शेजारच्या मिशिगनची तऱ्हा थोडी बरी. तिथे ५० लाख डॉलरचं कर्ज काढून राज्याने तीन समांतर रेल्वे आखल्या आणि १८४६मध्ये सेंट्रल २० लाखांना, सदर्न ५ लाखांना खाजगी कंपन्यांना विकली. १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला आठ राज्यं आणि फ्लोरिडाचा प्रदेश आपल्या कर्जाचं व्याज देऊ शकले नाहीत. लंडनच्या बाजारात 'अमेरिकन राज्याचा रोखा' म्हटलं की लोक दारं लावून घेऊ लागले.

पोळल्यावर राज्यांनी आपापल्या घटना बदलल्या. मिशिगनच्या १८५०च्या घटनेतलं कलम वाचण्यासारखं आहे. राज्याने कुठल्याही बांधकामात भागीदार व्हायचं नाही, त्यात हितसंबंध ठेवायचा नाही. अपवाद एकच: राज्याला मिळालेल्या जमिनीचा किंवा इतर मालमत्तेचा खर्च. म्हणजे राज्याच्या नावावर कर्ज काढायचं दार बंद, जमिनीची खिडकी उघडी. पुढची वीस वर्षं याच खिडकीतून कारभार चालला.

खिडकीची चौकट मात्र आधीच तयार होती. १८२७मध्ये इलिनॉय नदी आणि मिशिगन सरोवर जोडणाऱ्या इलिनॉय-मिशिगन कालव्यासाठी केंद्राने राज्याला कालव्याच्या दोन्ही बाजूंचे पाच-पाच मैलांतले एकाआड एक सेक्शन दिले होते. कालव्याच्या आयुक्तांनी त्यातल्या एका तुकड्यावर १८३०मध्ये गावाचा नकाशा आखून प्लॉट विकायला काढले. ते गाव म्हणजे शिकागो.

सेनेटर स्टीफन डग्लस यांनी हीच चौकट रेल्वेला बसवली. २० सप्टेंबर १८५०ला राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी सही केली. मार्गाच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा मैलांच्या पट्ट्यातले सम क्रमांकाचे सेक्शन इलिनॉय राज्याला. तिथे एखादा सेक्शन आधीच विकलेला असेल तर बदली जमीन पंधरा मैलांपर्यंत शोधायची मुभा. उरलेले सेक्शन केंद्राकडेच राहिले, पण त्यांचा भाव दुप्पट, अडीच डॉलर. आता हा हिशेब स्वतः करून बघा. शेजारशेजारचे दोन सेक्शन मिळून १,२८० एकर, सव्वा डॉलरने १,६०० डॉलर. त्यातला एक देऊन टाकला, उरलेले ६४० एकर अडीच डॉलरने विकले, तरी १,६०० डॉलर. कागदावर केंद्राचा एक छदामही गेला नाही. शिवाय सरकारी सैन्य आणि माल या रेल्वेने विनाशुल्क जायचा होता. आवळा देऊन कोहळा काढायचा हा प्रकार होता, आणि तो सभागृहात असाच मांडला गेला. ती जमीन वर्षानुवर्षं विक्रीला होती आणि कुणी फिरकत नव्हतं. गवताळ प्रदेशात लाकूड नाही, जवळ जलमार्ग नाही, पिकलेला मका बाजारात न्यायचा कसा? म्हणून वसाहतवाले नदीकाठच्या झाडीला चिकटून होते.

राज्याला मिळाली जवळपास २६ लाख एकर जमीन. पूर्वीचा अनुभव ताजा होता, म्हणून राज्याने ती स्वतः विकली नाही आणि रेल्वे स्वतः बांधलीही नाही. फेब्रुवारी १८५१मध्ये इलिनॉय सेंट्रल कंपनीला सनद दिली, आणि जमीन थेट कंपनीच्या हाती न देता विश्वस्तांकडे ठेवली. मार्ग पुरा होईल तसतशी ती सुटायची. आजच्या भाषेत एस्क्रो. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत कसलेला भाग हाच आहे. २० लाख एकर बांधकामाच्या रोख्यांना तारण. अडीच लाख एकर व्याजासाठी राखून. उरलेले साधारण साडेतीन लाख एकर मोकळे. या तारणावर सुमारे १.७ कोटी डॉलरचे रोखे काढले गेले आणि त्यातला मोठा वाटा लंडनने उचलला. ज्या लंडनने दहा वर्षांपूर्वी याच राज्याच्या नावाने हात झटकले होते, त्यानेच. फरक तारणाचा. राज्याची हमी म्हणजे विधानसभेचा शब्द, आणि तो किती टिकतो ते सगळ्यांनी बघितलं होतं. इथे मोजणी झालेली, क्रमांक पडलेली जमीन विश्वस्तांच्या नावावर होती.

म्हणजे जमीन विकली जाईपर्यंत थांबण्याची जोखीम राज्याच्या तिजोरीवरून उचलून रोखेधारकांवर ठेवली. सप्टेंबर १८५६मध्ये ७०५ मैलांचा मार्ग पूर्ण झाला. त्या वेळी ती जगातली सर्वांत लांब रेल्वे समजली जात होती. जमीन विकली जात होती, पण उधारीवर: शेतकऱ्याने थोडं व्याज आगाऊ भरायचं आणि मुद्दल हप्त्या-हप्त्याने फेडायचं. भाव सरासरी एकरी दहा डॉलरांच्या आसपास गेला, सरकारी भावाच्या आठपट. मात्र रोकड कमी आणि येणं जास्त. १८५७च्या मंदीत मक्याचा भाव पडला, शेतकऱ्यांचे हप्ते थकले आणि भरपूर जमीन हाताशी असलेल्या कंपनीवर भागधारकांकडून आणखी पैसे मागायची पाळी आली. जमिनीचा बहुतांश पैसा पुढच्या दोन दशकांत सावकाश जमा झाला आणि रोखे फेडण्यात गेला. कंपनीने ४०-८० एकरांचे तुकडे पाडले, जर्मनी आणि स्वीडनपर्यंत माणसं पाठवली, जाहिरातपत्रकं छापली. रेल्वे कंपनीचं अर्धं डोकं इस्टेट एजंटाचं झालं होतं.

जिथे इस्टेट एजंट आला तिथे पुढचं ओघाने आलंच. सनदेत स्पष्ट लिहिलं होतं, की कंपनीने मार्गावर गावं आखायची नाहीत. मग संचालकांपैकी काहींनी खाजगीत एक मंडळी जमवली, जी इतिहासात 'असोसिएट्स' म्हणून ओळखली जाते. स्टेशन कुठे होणार हे आधी त्यांनाच ठाऊक. त्यांनी तिथली जमीन घेतली, आणि मग स्टेशन तिथेच झालं. अर्बाना गाव होतं तिथे स्टेशन न होता दोनेक मैल पश्चिमेला मोकळ्या माळावर झालं, आणि आजचं शॅम्पेन शहर तिथे वाढलं. अशी तीसहून अधिक गावं एकाच नकाशावरून काढली. रुळाच्या दोन्ही अंगांना तोच आराखडा, रस्त्यांना झाडांची तीच नावं: चेस्टनट, ओक, वॉलनट. एका गावचा प्लॅन दुसऱ्या गावात चालवून देण्याइतका आत्मविश्वास आपल्या नगररचनाकारांनाही नाही! मुद्दा गंभीर आहे. शेतजमिनीची वाढलेली किंमत रेल्वेच्या हिशेबात आली, पण स्टेशनसमोरच्या प्लॉटची, म्हणजे जिथे वाढ सर्वांत जास्त होते तिथली, खाजगी खिशात गेली. आजही मेट्रो-महामार्गाच्या प्रकल्पांत आखणीचा नकाशा जाहीर व्हायच्या आधी सातबारावर कुणाची नावं चढली, हे बघण्याची सवय आम्हाला उगाच लागलेली नाही.

राज्याला काय मिळालं? कराऐवजी कंपनीच्या ढोबळ उत्पन्नाचा किमान ७ टक्के वाटा. नफ्याचा नव्हे, उत्पन्नाचा. नफा हिशेबनीसाच्या हातात असतो, ढोबळ उत्पन्न लपवणं अवघड. १८७०च्या घटनेत तर ही रक्कम माफ करायला विधानसभेलाच मनाई केली. मधल्या काळात मॅक्लेन काउंटीने म्हटलं, आम्हीही कर लावणार. कंपनीतर्फे लिंकन यांनी खटला लढवून १८५६मध्ये जिंकला, आणि ५,००० डॉलरच्या फीसाठी त्यांना त्याच कंपनीवर दावा लावावा लागला. सल्लागारांची बिलं थकवण्याची परंपरा जुनीच म्हणायची.

सगळीकडे असं जमलं नाही. फ्लोरिडाने १८५५मध्ये सरकारी जमिनीचा एक निधी केला आणि रेल्वे कंपन्यांच्या रोख्यांवरच्या व्याजाची हमी त्या निधीतून दिली. यादवी युद्धात रेल्वे मोडकळीला आल्या, व्याज थकलं, धनको न्यायालयात गेले आणि निधीवर टाच आली. शेवटी १८८१मध्ये राज्याने फिलाडेल्फियाचा कारखानदार हॅमिल्टन डिस्टन याला ४० लाख एकर १० लाख डॉलरांना विकली. एकरी २५ सेंट. इलिनॉयात जमीन तारण होती आणि वेळ रोखेधारकांच्या माथी होती. इथे हमी देऊन वेळ पुन्हा राज्याच्या माथी आली, आणि गरजवंत विकणाऱ्याला भाव मिळत नाही. टेक्सासची गोष्ट निराळी. संघराज्यात येताना त्याने आपली जमीन आपल्याकडेच ठेवली होती, त्यामुळे रेल्वेला मिळालेली सुमारे ३.२ कोटी एकर राज्याच्या स्वतःच्या मालकीची होती. तिथे कंपनीने आपल्या सेक्शनबरोबर शेजारचा सेक्शनही स्वखर्चाने मोजून द्यायचा आणि तो शाळानिधीला जायचा. मोजणीचा खर्च दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याची ही युक्ती मला आवडते.

१८६२नंतरच्या पॅसिफिक रेल्वेंवर इतकं लिहिलं गेलंय की मी तिथे थांबत नाही. एकच गैरसमज दूर करतो: युनियन पॅसिफिकला मैलामागे मिळालेले १६, ३२ आणि ४८ हजार डॉलर हे सरकारी रोख्यांच्या रूपातलं कर्ज होतं, बक्षीस नव्हतं. जमीन मिळाली ती त्याशिवाय. १८७१पर्यंत केंद्राने रेल्वेंना दिलेली जमीन सुमारे १३ कोटी एकरांवर गेली आणि लोकक्षोभामुळे ही दानं बंद झाली. बुद्धिबळाच्या पटासारखी वाटलेली ती जमीन आजही भांडणं लावते. वायोमिंगमध्ये काही शिकाऱ्यांनी २०२१मध्ये दोन सरकारी चौकोन जिथे कोपऱ्याला कोपरा लावून भेटतात तिथे शिडी उभी केली आणि खाजगी जमिनीला पाय न लावता एकातून दुसऱ्यात गेले. मालकाने खटला भरला. २०२५मध्ये संघीय अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला.

आता आपल्याकडचं. १८४९चा जीआयपीचा करार वेगळ्याच पायावर होता. कंपनीने लंडनमध्ये भांडवल उभं करायचं, ईस्ट इंडिया कंपनीने त्यावर ५ टक्के परताव्याची हमी द्यायची आणि मार्गाची जमीन मोफत मिळवून द्यायची. विकायला जमीन दिली नाही, कारण बोरीबंदर ते ठाणे असो की घाटावर पुण्याकडे, मार्ग वसलेल्या मुलखातून जात होता. इथे सरकारला जमीन विकायची नव्हती, घ्यायची होती. दुसरं कारण अधिक खोल आहे. अमेरिकन सरकार जमीन एकदा विकून मोकळं होत असे. आपल्याकडचं सरकार जमिनीच्या वार्षिक साऱ्यावर जगत होतं. ज्या १८३६ साली तिकडे जमिनीचा बाजार तापला होता, त्याच सुमाराला इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट हे इंग्रज अधिकारी तीस वर्षांच्या रयतवारी धाऱ्याची, म्हणजे थेट शेतकऱ्यावर बसवलेल्या साऱ्याची, घडी बसवत होते. सोन्याची अंडी दरवर्षी मिळत असताना कोंबडी विकणार कोण?

पण रेल्वेमुळे वाढलेली किंमत सरकारने सोडली असं समजू नका. ती तीस वर्षांची मुदत १८६७च्या सुमाराला संपू लागली. फेरआकारणीत पुणे जिल्ह्यातल्या तालुक्यांचा सारा पन्नास टक्क्यांहून अधिक वाढला, आणि देण्यात आलेल्या कारणांत वाढलेले धान्यभाव होते तशी जवळ आलेली रेल्वेही होती. कापसाची तेजी तोवर ओसरली होती. १८७५च्या दख्खनच्या दंग्यांमागे सावकारी होती तसा हा वाढीव साराही होता. म्हणजे जमिनीच्या वाढलेल्या किमतीतून वसुली दोन्हीकडे झाली. तिकडे नव्या मालकाने आपखुशीने दहा डॉलर मोजले. इकडे जुन्या कुळाने वाढीव सारा भरला, आणि हमीची तूट भरणारा करदाताही तोच. लंडनच्या भागधारकाला मात्र ५ टक्के चुकले नाहीत. तिकडे रोखेधारकाने निदान जमीन विकली जाण्याची वाट पाहिली होती.

इलिनॉयची पद्धत आपल्याकडे आली ती सव्वाशे वर्षांनी आणि खाडीपलीकडे. १९७०मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईत संपादित जमीन विकसित करून विकली आणि मानखुर्दहून वाशी-बेलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा उचलला, रेल्वेने ३३ टक्के. १९९२मध्ये वाशीला लोकल आली. नोडमधली, म्हणजे नव्या उपनगरांतली, जमीन लोकल येण्याआधी विकायची की नंतर, हा तिथलाही रोजचा पेच होता. आधी विकली तर भाव पडका, थांबलं तर रेल्वेचा हप्ता अडतो. फरक इतकाच, की ही जमीन रिकामी नव्हती. ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांतल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांची होती. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या जानेवारी १९८४च्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व पुढे आलं, आणि त्याची वाटपं पुढे कित्येक वर्षं चालली. तेव्हा नवी मुंबईची लोकल करदात्याला स्वस्त पडली हे खरं, पण तिच्या हिशेबात मूळ खातेदाराचा वाटा सुरुवातीपासून धरला असता तर सिडकोचा तो ६७ टक्क्यांचा आकडा इतक्या सहज बसला नसता.